प्रीएक्लॅम्पसियातील पेशीजन्य कणांची भूमिका

प्रीएक्लॅम्पसिया हा गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर उद्भवणारा विकार आहे. त्यात रक्तदाब वाढतो आणि त्यासोबत मूत्रपिंड, यकृत, मेंदू, रक्त किंवा वार यांच्या कार्यात बिघाड होतो. जगभरातील सुमारे २ ते ८ टक्के गरोदरपणांत तो आढळतो. या विकाराचे मूळ वारेत, म्हणजे अपरेत असते. परंतु त्याचे घाव आईच्या सर्व शरीरावर उमटतात. गर्भाशयातील एका अवयवाचा बिघाड मेंदूपर्यंत आणि मूत्रपिंडापर्यंत कसा पोहोचतो, हा वैद्यकशास्त्रापुढील जुना प्रश्न आहे. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग म्हणजे पेशीजन्य कण होत.

पेशींच्या पृष्ठभागापासून किंवा अंतर्भागातून सुटणाऱ्या, पटलाचे वेष्टन असलेल्या अतिसूक्ष्म पुटिकांना पेशीजन्य कण म्हणतात. त्यांना पेशीबाह्य पुटिका असेही नाव आहे. निरोगी गरोदरपणातही वारेपासून असे कण आईच्या रक्तात सतत मिसळत असतात. प्रीएक्लॅम्पसियात, विशेषतः लवकर सुरू होणाऱ्या प्रकारात, त्यांची संख्या वाढते आणि त्यांच्यातील द्रव्यांची घडणही बदलते. असे कण रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर दुखावतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतात आणि दाह चेतवतात.

विकाराचे स्वरूप

गरोदरपणापूर्वी आणि पहिल्या वीस आठवड्यांत रक्तदाब सामान्य असलेल्या स्त्रीचा रक्तदाब नंतर १४०/९० मिलिमीटर पारा किंवा त्याहून अधिक झाला आणि लघवीतून २४ तासांत ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रथिन जाऊ लागले, तर प्रीएक्लॅम्पसियाचे निदान केले जाते. लघवीत प्रथिन नसले तरी रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) कमी होणे, यकृताची विकरे वाढणे, मूत्रपिंडाचे कार्य मंदावणे, फुप्फुसांत पाणी साचणे किंवा मेंदूविषयक लक्षणे दिसणे यांवरूनही निदान होऊ शकते. रक्तदाब १६०/११० किंवा त्याहून अधिक असल्यास विकार तीव्र मानला जातो.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा काजवे चमकणे, पोटाच्या वरच्या भागात उजवीकडे दुखणे, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी सूज येणे, लघवी कमी होणे ही धोक्याची लक्षणे होत. पायांवर थोडी सूज अनेक निरोगी गरोदर स्त्रियांनाही येते. त्यामुळे केवळ सुजेवरून निदान करता येत नाही आणि सूज नाही म्हणून निर्धास्त राहणेही योग्य ठरत नाही. कित्येकदा रक्तदाब बराच वाढेपर्यंत स्त्रीला कोणताही त्रास जाणवत नाही.

विकार वाढून झटके आले म्हणजे त्या अवस्थेस एक्लॅम्पसिया म्हणतात. झटके गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा प्रसूतीनंतरच्या दिवसांतही येऊ शकतात. तांबड्या पेशी फुटणे, यकृताची विकरे वाढणे आणि बिंबिका घटणे या तीन गोष्टी एकत्र दिसल्यास त्या गंभीर स्थितीला हेल्प संलक्षण असे नाव आहे. बाळाच्या बाबतीत वाढ खुंटणे, अकाली जन्म आणि मृत्यू हे धोके संभवतात.

पहिले गरोदरपण, जुळी बाळे, मागील खेपेस झालेला प्रीएक्लॅम्पसिया, आधीपासूनचा उच्च रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, स्थूलता आणि जास्त वय या परिस्थितींत या विकाराची शक्यता वाढते.

पेशीजन्य कणांचे प्रकार

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता त्यातील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. तांबड्या रक्तपेशीचा व्यास साधारण ७,००० ते ८,००० नॅनोमीटर असतो. पेशीजन्य कणांपैकी बहुतेक याहून कितीतरी लहान असतात. आकार आणि उत्पत्ती यांवरून त्यांचे तीन मुख्य प्रकार मानले जातात.

एक्सोसोम: साधारण ३० ते १५० नॅनोमीटर आकाराचे हे कण पेशीच्या आत तयार होतात. पेशीतील एका पिशवीत लहान लहान पुटिका साठतात. ती पिशवी पेशीपटलाला येऊन मिळाली की पुटिका बाहेर सोडल्या जातात.

सूक्ष्मपुटिका: साधारण १०० ते १,००० नॅनोमीटर आकाराचे हे कण पेशीपटलाला फुगवटा येऊन त्याचा तुकडा सुटल्यामुळे तयार होतात. जुन्या वैद्यकीय लेखनात यांनाच सूक्ष्मकण म्हटलेले आढळते.

मृतपेशीखंड: पेशीचा नियोजित मृत्यू होताना तिचे जे वेष्टित तुकडे पडतात, ते साधारण १,००० ते ५,००० नॅनोमीटर आकाराचे असतात.

वारेच्या बाबतीत याहून मोठा असा चौथा प्रकारही आढळतो. वारेच्या आवरणातील अनेक केंद्रके एकत्र येऊन त्यांचे गठ्ठे बनतात आणि ते सुटून आईच्या रक्तात जातात. हे गठ्ठे इतके मोठे असतात की त्यांतील बरेचसे फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत अडकून पडतात. लहान कण मात्र तेथून पार होऊन सर्व शरीरात फिरतात.

या प्रकारांच्या आकारांच्या मर्यादा एकमेकींत मिसळतात. रक्तातून वेगळा केलेला कण नेमका कोणत्या मार्गाने तयार झाला, हे पुष्कळदा ठरवता येत नाही. म्हणून या विषयातील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत पेशीबाह्य पुटिका हे व्यापक नाव वापरण्याचा आग्रह धरलेला आहे.

प्रत्येक कण आपल्या मूळ पेशीची काही ओळख सोबत नेतो. त्याच्या पटलावर मूळ पेशीची प्रथिने असतात आणि पोटात प्रथिने, मेद व सूक्ष्म-आरएनए असतात. वारेपासून आलेला कण त्याच्यावरील वारजन्य अल्कलाइन फॉस्फेटेज या प्रथिनामुळे ओळखता येतो. हा कण दुसऱ्या पेशीला चिकटतो किंवा तिच्यात सामावला जातो आणि त्यातील द्रव्ये त्या पेशीचे वर्तन बदलू शकतात.

संशोधनाचा इतिहास

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ गेओर्ग श्मोर्ल यांनी १८९३ साली एक्लॅम्पसियाने मृत्यू पावलेल्या स्त्रियांच्या शवपरीक्षणांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या स्त्रियांच्या फुप्फुसांतील केशवाहिन्यांत त्यांना अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी आढळल्या. त्या वारेतून आलेल्या असाव्यात असे त्यांनी ओळखले. वारेचे अंश आईच्या शरीरात दूरवर पोहोचतात याचा हा पहिला पुरावा होता. असे अंश निरोगी गरोदरपणातही सुटतात, ही गोष्ट पुढील काळात स्पष्ट झाली.

पेशीजन्य कणांचा शोध स्वतंत्र वाटेने लागला. १९४६ साली अर्विन चारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट यांना रक्तद्रवात रक्त गोठवण्यास मदत करणारा, वेगाने फिरवल्यावर तळाशी बसणारा अंश आढळला. १९६७ साली पीटर वुल्फ यांनी तो बिंबिकांपासून आल्याचे दाखवले आणि त्यास बिंबिकांची धूळ असे संबोधले. हे कण म्हणजे पेशीने टाकलेला कचरा, असाच समज त्यानंतर बराच काळ होता. १९८३ साली अपक्व तांबड्या पेशींवरील संशोधनात पेशीच्या आतून सुटणाऱ्या पुटिका दिसल्या. त्यांना पुढे एक्सोसोम हे नाव रूढ झाले.

या दोन्ही वाटा ऑक्सफर्ड विद्यापीठात एकत्र आल्या. तेथील ख्रिस रेडमन, इयन सार्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रयोगशाळेत असे दाखवले की वारेच्या पृष्ठभागाचे सूक्ष्म तुकडे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींची वाढ रोखतात. १९९८ साली त्याच गटाने प्रीएक्लॅम्पसिया असलेल्या स्त्रियांच्या रक्तात असे तुकडे अधिक प्रमाणात असल्याचे प्रसिद्ध केले. २००६ साली याच विद्यापीठातील अभ्यासात ही वाढ लवकर सुरू होणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियात दिसली. मात्र रक्तदाब सामान्य असून केवळ बाळाची वाढ खुंटलेल्या गरोदरपणात ती दिसली नाही. कणांचा संबंध केवळ लहान किंवा अशक्त वारेशी नसून आईच्या विकाराशी आहे, असे त्यावरून सूचित झाले.

निरोगी गरोदरपणातील कार्य

वारेतील शाखांवर एक अखंड आवरण असते. अनेक पेशी एकमेकींत मिसळून ते बनलेले असल्यामुळे त्यात पेशींच्या सीमा नसतात. आईचे रक्त या आवरणाला थेट स्पर्श करून वाहते. पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात या आवरणाचे क्षेत्रफळ सुमारे ११ ते १३ चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहान खोलीच्या जमिनीएवढे होते. एवढा मोठा पृष्ठभाग सतत नवा होत असतो आणि त्याचा जुना अंश आईच्या रक्तात सुटत असतो. त्यामुळे गरोदरपणाचे दिवस जातील तसे वारजन्य कण आईच्या रक्तात वाढत जातात आणि प्रसूतीनंतर ते घटतात.

या कणांना उपयुक्त कार्येही आहेत. बाळाचे निम्मे जनुकीय द्रव्य वडिलांचे असते. तरीही आईची रोगप्रतिकारयंत्रणा त्याला परके मानून हल्ला करत नाही. ही सहनशीलता टिकवण्यात वारजन्य एक्सोसोमचा सहभाग असतो. त्यांच्यावरील काही प्रथिने आईच्या आक्रमक पांढऱ्या पेशींना शांत करतात. वारेच्या पेशींतील एका विशिष्ट समूहाची सूक्ष्म-आरएनए द्रव्ये एक्सोसोममार्फत इतर पेशींत जाऊन त्यांची विषाणूंविरुद्धची प्रतिकारक्षमता वाढवतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू निर्माण करणारे विकरही वारजन्य कणांवर कार्यक्षम स्थितीत आढळते.

म्हणजेच पेशीजन्य कण हे मुळात हानिकारक नाहीत. वार आणि आई यांच्यातील देवाणघेवाणीचे ते एक साधन आहेत. वारेची प्रकृती बिघडली की त्याच साधनाद्वारे बिघाडही वाहून नेला जातो.

विकारातील भूमिका

वारेतील मूळ बिघाड

गर्भाशयाच्या भिंतीत नागमोडी वळणाच्या धमन्या असतात. त्यांना सर्पिल धमन्या म्हणतात. निरोगी गरोदरपणाच्या पूर्वार्धात वारेच्या पेशी या धमन्यांत शिरून त्यांच्या भिंतींतील स्नायू काढून टाकतात. त्यामुळे धमन्या रुंद होतात आणि रक्त वारेत संथपणे, भरपूर प्रमाणात उतरते. प्रीएक्लॅम्पसियाच्या अनेक रुग्णांत, विशेषतः लवकर सुरू होणाऱ्या प्रकारात, हे रूपांतर अपुरे राहते. धमन्या अरुंद राहतात, रक्त जोराने व अनियमितपणे येते आणि वारेच्या आवरणाला ऑक्सिजनची कमतरता व रक्तप्रवाहाचा धक्का असा दुहेरी ताण सोसावा लागतो. ताणाखालील आवरणातून अधिक कण सुटतात. शांतपणे झडणाऱ्या कणांऐवजी फाटून निघालेले, दाह चेतवणारे कण त्यांत वाढतात.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील परिणाम

रक्तवाहिनीच्या आतील बाजूस पेशींचा एकपदरी थर असतो. तो रक्तवाहिनी सैल ठेवतो, रक्ताला गोठू देत नाही आणि रक्तातील पाणी व प्रथिने बाहेर झिरपू देत नाही. हा थर निरोगी राहण्यासाठी रक्तवाहिनी-वृद्धिघटक आणि वारजन्य वृद्धिघटक ही प्रथिने लागतात. २००३ साली भारतीय वंशाचे वैद्यक संशोधक अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की प्रीएक्लॅम्पसियात वार एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन फार मोठ्या प्रमाणात सोडते. हे प्रथिन वरील दोन्ही घटकांना पकडून ठेवते, त्यामुळे ते अस्तरापर्यंत पोहोचत नाहीत.

वारजन्य कणांच्या पृष्ठभागावरही हेच प्रथिन आणि एंडोग्लिन हे दुसरे प्रथिन आढळते. त्यामुळे असे कण वृद्धिघटकांना शोषून घेऊ शकतात. शिवाय नायट्रिक ऑक्साइड निर्माण करणाऱ्या विकराचे प्रमाण व कार्य प्रीएक्लॅम्पसियातील वारजन्य कणांवर कमी झालेले असते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. रक्तवाहिन्या सैल ठेवणारी मदत अशा रीतीने दोन्ही बाजूंनी घटते.

अस्तर दुखावले की त्याचे परिणाम निरनिराळ्या अवयवांत निरनिराळे दिसतात. रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याने रक्तदाब वाढतो. मूत्रपिंडातील गाळणीचे अस्तर सुजल्याने लघवीत प्रथिन उतरते. द्रव बाहेर झिरपल्याने सूज येते. मेंदूतील रक्तप्रवाहाचे नियमन बिघडल्याने डोकेदुखी, दृष्टिदोष आणि झटके संभवतात. वरवर असंबद्ध वाटणारी ही लक्षणे एकाच मूळ दुखापतीची निरनिराळी रूपे आहेत.

रक्त गोठण्यावरील परिणाम

गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव आटोक्यात राहावा यासाठी ही नैसर्गिक तरतूद आहे. पेशीजन्य कणांच्या बाह्य पृष्ठभागावर फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा मेद उघडा पडलेला असतो. रक्त गोठवणारे घटक एकत्र येण्यासाठी तो पृष्ठभाग सोयीचा ठरतो. काही कणांवर गोठण्याची साखळी सुरू करणारा ऊतक घटकही असतो. असे कण वाढले की बारीक वाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या होऊ शकतात आणि त्यात बिंबिका खर्ची पडतात.

दाह

वारेचे कण पांढऱ्या पेशींना चेतवतात आणि दाह निर्माण करणारी द्रव्ये स्रवण्यास भाग पाडतात. निरोगी गरोदरपणातही सौम्य दाह असतोच. प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे हाच दाह मर्यादेबाहेर गेलेली अवस्था, असा विचार रेडमन आणि सार्जंट यांनी मांडला.

आईच्या पेशींचे कण

रक्तातील सर्वच कण वारेचे नसतात. संख्येने बिंबिकांचे कण बहुधा सर्वांत अधिक असतात. त्याखेरीज पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर यांच्यापासूनही कण सुटतात. अस्तर दुखावले की त्याचे स्वतःचे कण वाढतात आणि चेतलेल्या बिंबिकांचेही कण वाढतात.

हा प्रवाह उलट दिशेनेही वाहतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात गाभण उंदरांना अस्तराचे व बिंबिकांचे कण टोचले असता आईच्या बिंबिका वारेत गोळा होऊन चेतल्या, वारेच्या पेशींत दाहाची यंत्रणा सुरू झाली आणि प्रीएक्लॅम्पसियासारखी लक्षणे दिसली. याचा अर्थ वार आईला दुखावते आणि आईच्या पेशींचे कण वारेला अधिक दुखावू शकतात. एकदा सुरू झालेला विकार पुष्कळदा झपाट्याने का बळावतो, हे या दुष्टचक्रावरून समजण्यास मदत होते.

कारण की परिणाम

कण वाढल्यामुळे विकार होतो की विकारामुळे कण वाढतात, हा या विषयातील मुख्य वाद आहे. कारणाच्या बाजूने तीन गोष्टी सांगता येतात. प्रयोगशाळेत वारेचे कण अस्तराच्या पेशींना इजा करतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दुखावलेल्या वारेचे कण टोचलेल्या उंदरांत रक्तदाब वाढला आणि लघवीतून प्रथिन जाऊ लागले. तसेच, वार बाहेर पडल्यानंतर कण घटतात आणि बहुतेक स्त्रियांत विकारही ओसरू लागतो.

विरुद्ध बाजूसही मुद्दे आहेत. उंदराच्या वारेची रचना माणसाच्या वारेपेक्षा वेगळी असते आणि उंदरांना निसर्गतः प्रीएक्लॅम्पसिया होत नाही. प्रयोगात दिलेली मात्रा शरीरातील प्रमाणाशी जुळेलच असे नाही. स्त्रियांवरील अभ्यासांचे निष्कर्षही सारखे नाहीत. काहींत एकूण कणांची संख्या वाढलेली दिसली, तर काहींत ती जवळजवळ सारखीच राहून फक्त कणांतील द्रव्ये बदललेली आढळली. उशिरा सुरू होणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियात वारेपेक्षा आईच्या हृदयाची व रक्तवाहिन्यांची आधीची प्रकृती अधिक महत्त्वाची असू शकते. त्यामुळे पेशीजन्य कण हे विकाराचे एकमेव कारण मानले जात नाहीत. वारेतील बिघाड आईच्या शरीरात पसरवणाऱ्या अनेक वाहकांपैकी ते एक आहेत आणि विरघळलेल्या प्रथिनांसोबत कार्य करतात, असे मानणे सध्याच्या पुराव्याशी सुसंगत ठरते.

निदानातील उपयोग आणि अडचणी

वार ही गरोदरपणात सहजासहजी तपासता न येणारी गोष्ट आहे. तिचे कण मात्र आईच्या दंडातून घेतलेल्या थोड्याशा रक्तात मिळतात. त्यामुळे या कणांचा अभ्यास करून लक्षणे दिसण्यापूर्वीच विकाराचा अंदाज घेता येईल, अशी अपेक्षा आहे.

प्रत्यक्षात या मार्गात अनेक अडचणी आहेत. जुन्या पद्धतीची पेशीमापन यंत्रे सुमारे २०० ते ३०० नॅनोमीटरपेक्षा लहान कण नीट मोजू शकत नाहीत. अतिवेगाने फिरवून कण वेगळे करताना त्याच आकाराचे मेदप्रथिनांचे गोळेही सोबत येतात. रक्त कोणत्या नळीत घेतले, किती वेळाने तपासले आणि ने-आण करताना ते किती हिंदकळले, यांवरही उत्तर बदलते. कारण नळीतील बिंबिका काढून घेतल्यानंतरही नवे कण सोडत राहतात. खेड्यात घेतलेला नमुना काही तासांनी शहरातील प्रयोगशाळेत पोहोचला, तर त्यातील कणांचा बराच भाग प्रवासात तयार झालेला असू शकतो. म्हणूनच ही तपासणी संशोधनापुरती मर्यादित असून नेहमीच्या रुग्णसेवेत वापरली जात नाही.

त्या तुलनेत विरघळलेल्या प्रथिनांची तपासणी पुढे गेली आहे. एसएफएलटी-१ आणि वारजन्य वृद्धिघटक यांचे गुणोत्तर मोजणाऱ्या चाचणीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली मान्यता दिली. रुग्णालयात दाखल झालेल्या स्त्रीत विकार तीव्र होण्याचा धोका किती आहे, हे ठरवण्यास ती मदत करते.

उपचारांशी संबंध

प्रीएक्लॅम्पसिया मुळातून थांबवणारा उपाय एकच आहे, तो म्हणजे बाळाचा जन्म होऊन वार बाहेर पडणे. कणांचा उगम थांबतो, हे त्याचे अंशतः स्पष्टीकरण होय. प्रसूती केव्हा करावी हे गरोदरपणाचे दिवस आणि विकाराची तीव्रता यांवर ठरते. प्रसूतीनंतरही रक्तदाब काही दिवस चढा राहू शकतो, म्हणून त्या काळातही देखरेख आवश्यक असते.

झटके रोखण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट दिले जाते. ३३ देशांतील १०,००० हून अधिक स्त्रियांचा सहभाग असलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत या औषधामुळे एक्लॅम्पसियाचा धोका निम्म्याहून अधिक कमी झाल्याचे दिसले. हे औषध झटके रोखते; मूळ विकार बरा करत नाही. ते देताना गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वसन आणि लघवीचे प्रमाण तपासत राहावे लागते. रक्तदाब कमी करण्यासाठी वेगळी औषधे द्यावी लागतात.

धोका अधिक असलेल्या स्त्रियांना डॉक्टरांच्या सल्ल्याने अल्प मात्रेतील ॲस्पिरिन दिले जाते. २०१७ सालच्या ॲस्प्री चाचणीत १६ आठवड्यांपूर्वी सुरू केलेल्या १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिनमुळे मुदतपूर्व प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले. ॲस्पिरिन बिंबिकांना चेतू देत नाही, त्यामुळे बिंबिकांच्या कणांवरील संशोधनाशी हा परिणाम जुळणारा आहे. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या समाजांत कॅल्शियमच्या गोळ्यांनीही धोका कमी होतो. भारतात गरोदर स्त्रियांना चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या देण्याचे राष्ट्रीय धोरण आहे.

महाराष्ट्रातील संशोधन आणि सेवा

पुण्यातील भारती विद्यापीठाच्या इंटरॅक्टिव्ह रिसर्च स्कूल फॉर हेल्थ अफेअर्स या संस्थेत प्रीएक्लॅम्पसियावर दीर्घकाळ संशोधन चालू आहे. तेथील रिव्हॅम्प या अभ्यासात पुण्यातील दोन रुग्णालयांतील १,००० हून अधिक गरोदर स्त्रियांची नोंद झाली. गरोदरपणाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर आणि प्रसूतीच्या वेळी त्यांचे नमुने घेण्यात आले. अभ्यासाचा भर रक्तवाहिनी-वृद्धिघटक, मेदाम्ले आणि पोषण यांवर आहे. विकार दिसण्याच्या कित्येक आठवडे आधीपासून नमुने जपून ठेवणाऱ्या अशा अभ्यासांचे महत्त्व मोठे आहे. कारण एखादा बदल विकाराच्या आधी झाला की नंतर, हे अशाच नमुन्यांवरून ठरवता येते.

उपचारांच्या क्षेत्रात मॅग्नेशियम सल्फेटची कमी मात्रेची एक पद्धत भारतीय प्रसूतिशास्त्रात धुळे पद्धती या नावाने ओळखली जाते. पाश्चात्त्य स्त्रियांसाठी ठरवलेली मात्रा शरीराने लहान असलेल्या भारतीय स्त्रियांना अधिक होते, हा विचार तिच्यामागे आहे.

नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते; त्याच काळात संपूर्ण भारताचे प्रमाण ९७ होते. रक्तस्रावाप्रमाणेच गरोदरपणातील उच्च रक्तदाबाचे विकार हे मातामृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी आहेत. यातील बरेच मृत्यू वेळीच निदान झाल्यास टाळता येतात.

बुलढाणा जिल्ह्यातील संदर्भ

बुलढाणा हा अमरावती विभागातील, १३ तालुक्यांचा आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २५.८६ लाख लोकसंख्येचा जिल्हा आहे. त्यातील बहुसंख्य लोक ग्रामीण भागात राहतात. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके आहेत, तर दक्षिणेस लोणार व सिंदखेड राजा हे पठारी तालुके आहेत. या अंतरांमुळे प्रीएक्लॅम्पसियाच्या बाबतीत निदानाइतकाच वेळेचा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. पंतप्रधानांच्या हस्ते ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या १० शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलढाणा येथील महाविद्यालयाचा समावेश आहे.

पेशीजन्य कणांची तपासणी अशा भागात आज उपलब्ध होणे शक्य नाही. परंतु हे कण जी हानी करतात, तिच्या दोन ठळक खुणा साध्या साधनांनी ओळखता येतात. रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याची खूण रक्तदाबमापकावर दिसते आणि मूत्रपिंडाचे अस्तर दुखावल्याची खूण लघवीत बुडवलेल्या पट्टीवर दिसते. उपकेंद्रातील परिचारिकेला या दोन्ही तपासण्या काही मिनिटांत करता येतात. मात्र एकाच मोजणीपेक्षा आधीच्या मोजणीशी केलेली तुलना अधिक बोलकी असते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवणे, प्रत्येक भेटीतील रक्तदाब माता व बालसंरक्षण कार्डावर लिहिणे आणि कामासाठी गाव सोडताना किंवा बाळंतपणासाठी माहेरी जाताना ते कार्ड सोबत नेणे यांना महत्त्व आहे.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी केली जाते. गावपातळीवर आशा स्वयंसेविका गरोदर स्त्रियांची नोंद ठेवतात आणि त्यांना तपासणीस आणतात. तपासणीत विकार आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवले जाते. १०२ व १०८ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मागवता येते. झटके आलेल्या स्त्रीला मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊनच पुढे पाठवणे हा जीवरक्षक टप्पा मानला जातो.

ग्रामीण भागात झटके आलेल्या स्त्रीला बाधा झाली असे समजून प्रथम देवऋष्याकडे नेण्याचे प्रकार घडतात आणि त्यात मौल्यवान तास निघून जातात. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला आलेला झटका हा अन्य कारण सिद्ध होईपर्यंत एक्लॅम्पसियाच समजावा, हा प्रसूतिशास्त्राचा नियम आहे. झटक्याचे मूळ वारेतील बिघाडात असते आणि त्याचा मार्ग रक्तातून जातो, ही माहिती म्हणूनच केवळ प्रयोगशाळेपुरती राहत नाही.

दीर्घकालीन परिणाम

प्रीएक्लॅम्पसिया होऊन गेलेल्या स्त्रियांत पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका इतर स्त्रियांच्या तुलनेत अधिक असतो. हृदयविकाराच्या बाबतीत तो साधारण दुप्पट आढळला आहे. वार गेल्यानंतर तिचे कण नाहीसे होतात. तरी रक्तवाहिन्यांच्या अस्तराची दुखापत पूर्णपणे भरून येत नाही किंवा स्त्रीच्या रक्तवाहिन्या मुळातच संवेदनशील असतात, अशी दोन स्पष्टीकरणे त्यासाठी दिली जातात. या स्त्रियांनी बाळंतपणानंतरही दरवर्षी रक्तदाब तपासून घेणे आणि पुढील गरोदरपणात पहिल्याच भेटीत मागील विकाराची माहिती देणे हितावह असते.

हे सुद्धा पहा

गरोदरपण
वार
उच्च रक्तदाब
एक्लॅम्पसिया
मातामृत्यू
बुलढाणा जिल्हा